पाय लांब करता येतील एवढी बाल्कनी

चार वर्षांपूर्वी आई आणि मी पहिल्यांदा क्रूझला गेलो, तेव्हा ‘बाल्कनीवाली केबिन घेतली’ एवढंच मला माहीत होतं. केबिनचा नंबर कंपनीने ठरवायचा आणि त्या बदल्यात भाडं थोडं कमी, असं ते बुकिंग होतं. त्याला ‘गॅरंटी केबिन’ म्हणतात. मिळालेल्या बाल्कनीत खुर्चीत बसलं की गुडघे कठड्याला टेकायचे. कठडा काचेचा नव्हता, खालपासून छातीपर्यंत पांढरा पत्रा होता. उभं राहिलं तरच समुद्र दिसायचा, आणि आईला दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. सहा दिवस ती त्या पत्र्याकडे तोंड करून बसली आणि मला एका शब्दानेही काही म्हणाली नाही. तेच मला जास्त लागलं.

गेल्या वर्षी तिच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. घरात काठी घेऊन चालायला लागली तेव्हा एकदा म्हणाली, “बर्फाचा कडा समुद्रात कोसळतो ना, तो मला एकदा बघायचाय.” म्हणून अलास्का ठरलं. जूनमधली, एकाच दिशेने उत्तरेकडे जाणारी सात रात्रींची सफर. आणि या वेळी बाल्कनी मी निवडणार, हेही ठरलं.

6 सप्टेंबरला कामाला सुरुवात केली. पहिले चार दिवस नुसते डेक प्लॅन बघण्यात गेले. डेक प्लॅन म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर असतो आणि बुकिंग न करताही बघता येतो. सुरुवातीला सगळ्या केबिन म्हणजे रंगीत चौकोनांच्या रांगा वाटतात. रंग म्हणजे भाड्याचा वर्ग. पण एकाच रंगातल्या, एकाच भाड्याच्या दोन केबिनच्या बाल्कन्या सारख्या असतातच असं नाही. हे कळायला मला आठवडा लागला आणि पुढची सगळी निवड त्यावरच उभी राहिली.

‘बाल्कनी’ या शब्दावर जाऊ नये, हे आधीच सांगते. ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’सारख्या जहाजावर काही बाल्कन्या जहाजाच्या आतल्या बागेकडे उघडतात; तिथून आकाश दिसतं, समुद्र नाही. 2018 मध्ये आलेल्या ‘सेलिब्रिटी एज’वर अनेक केबिनमध्ये वेगळी बाल्कनीच नाही, खोलीच्या टोकाला मोठी काच आहे, तिचा वरचा भाग बटणाने खाली सरकतो. ‘क्वीन मेरी 2’वर खालच्या डेकच्या बाल्कन्या जहाजाच्या लोखंडी अंगातच कोरलेल्या आहेत. वाऱ्यापासून आडोसा उत्तम, पण समोर पत्रा. ज्याला उभं राहून बघायचं आहे त्याला त्या छान. आम्हाला नको होत्या.

मग मापं. माहितीपत्रकात बाल्कनीचं क्षेत्रफळ देतात आणि तेवढ्याने काहीच कळत नाही. काही ठिकाणी केबिनच्या एकूण आकड्यात बाल्कनीही मोजलेली असते, म्हणून आधी ते विचारून घ्यावं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोली, दारापासून कठड्यापर्यंतचं अंतर. नऊ फूट रुंद आणि साडेचार फूट खोल बाल्कनी चाळीस चौरस फूट भरते. आकडा बरा वाटतो, पण पाय पसरायची आरामखुर्ची सहा फुटांच्या आसपास लांब असते आणि ती समुद्राकडे तोंड करून तिथे मावतच नाही. मी फरशीवर चिकटपट्टीने दोन चौकोन आखले, एक साडेचार फूट खोल, दुसरा साडेसात. दोन्हींत खुर्ची ठेवून आईला बसवलं. पहिल्यात तिने पाय आखडून घेतले. दुसऱ्यात बसली आणि आपणहून पाय पुढे टाकले. “हे बरं आहे,” म्हणाली. त्या दिवसानंतर मी चौरस फुटांचे आकडे बघायचं सोडून दिलं.

आता मोठ्या बाल्कन्या जहाजावर सापडतात कुठे? मला तीन जागा सापडल्या.

पहिली जागा जहाजाच्या मागच्या टोकाला. तिथल्या बाल्कन्या सहसा खोल असतात आणि कोपऱ्यातल्या केबिनला तर दोन बाजूंनी वळसा घालणारी बाल्कनी मिळते. समोर जहाजाने पाण्यात सोडलेली पांढरी वाट दिसते. मी या जागेच्या प्रेमातच पडले होते.

दुसरी जागा पायऱ्या-पायऱ्यांच्या रचनेत असते. काही जहाजांवर खालचा डेक वरच्यापेक्षा बाहेर येतो, त्यामुळे खालच्या बाल्कनीचा काही भाग उघडा पडतो. ‘ग्रँड प्रिन्सेस’ आणि तिच्या जातीच्या जहाजांवरचा कॅरिब डेक यासाठी ओळखला जातो. तिथली बाल्कनी अर्धी झाकलेली, अर्धी उघडी असते. ऊनही मिळतं, सावलीही मिळते. मात्र वरच्या बाल्कन्यांतून खाली बघणाऱ्याला तुम्ही दिसता.

तिसरी जागा जहाजाच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना बाहेर आलेला फुगवटा. क्रूझवाले त्याला ‘हंप’ म्हणतात. सगळ्या जहाजांना तो नसतो. फुगवटा जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे जहाजाची बाहेरची कड तिरकी जाते, पण केबिनची भिंत सरळच राहते. मधे जी त्रिकोणी जागा उरते ती बाल्कनीला मिळते. डेक प्लॅनवर ही तिरकी रेघ डोळ्यांनी शोधावी लागते.

27 सप्टेंबरला एजंटशी बोलले आणि मागच्या टोकाची कोपऱ्यातली केबिन 48 तासांसाठी धरून ठेवायला सांगितली. अशी केबिन काही वेळ पैसे न भरता धरता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, तेव्हा जरूर विचारा. त्या दोन दिवसांत मी उलट बाजूने विचार केला. मागच्या टोकाला यंत्रांची थरथर जाणवू शकते. धुराड्यातली काजळी वाऱ्याने मागे येते आणि कधीकधी खुर्च्यांवर बसते. जहाज पुढे-मागे हिंदकळतं तेव्हा दोन्ही टोकांना ते जास्त जाणवतं, मध्यावर सगळ्यात कमी. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण मग नकाशावर सगळ्यात जवळच्या लिफ्टपासून आमच्या केबिनपर्यंतची दारं मोजली. चोवीस दारं. एका केबिनची रुंदी साधारण नऊ फूट धरली तर दोनशे सोळा फूट, म्हणजे एका फेरीत जवळजवळ सहासष्ट मीटर. जेवायला तीनदा जायचं-यायचं म्हटलं तरी आईचा दिवस त्या बोळात संपला असता. 29 तारखेला ती केबिन सोडून दिली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग फुगवट्याकडे वळले. तिथे चार तिरक्या जागा होत्या: दोन पुढच्या उतारावर, दोन मागच्या. पुढच्या उतारावरच्या बाल्कनीचं तोंड किंचित जहाजाच्या पुढच्या टोकाकडे असतं, म्हणजे चालत्या जहाजाचा वारा सरळ अंगावर. मागच्या उताराला फुगवट्याचाच आडोसा मिळतो. अलास्काच्या थंडीत हा फरक मोठा. बाजू ठरवणं सोपं होतं: उत्तरेकडे जाताना मुख्य भूमी उजवीकडे, म्हणजे स्टारबोर्डला. आतल्या अरुंद जलमार्गात दोन्हीकडे डोंगर असतात, पण बाहेरच्या खुल्या समुद्रात आलं की फक्त उजवीकडेच किनारा. परतीची सफर असती तर डावी बाजू घेतली असती.

शेवटची तपासणी वर-खाली काय आहे याची. तीन डेकचे नकाशे सारख्याच मापात छापले आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत हे दिसलं. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असता तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज आला असता. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं मधलं दार नाही आणि खाली पाहताना जीवनरक्षक नौका आड येत नाहीत, हेही नकाशावरच्या खुणांवरून तपासलं. लिफ्टपासून सहा दारं.

3 ऑक्टोबरला बुकिंग केलं. साध्या बाल्कनीपेक्षा भाडं सहा टक्के जास्त होतं. पूर्ण सुइटसाठी जवळजवळ दुप्पट पडलं असतं आणि सुइटची बाल्कनी आमच्यापेक्षा खोलीला फक्त एक फूट जास्त होती. डिपॉझिट म्हणून एक पंचमांश रक्कम भरली. परत मिळणारं आणि न मिळणारं असे दोन पर्याय होते. आईची तब्येत बघता मी परत मिळणारं घेतलं, थोडं महाग असूनही.

बुकिंगच्या वेळी एजंटने एक गोष्ट सुचवली: आई काठी घेऊन चालते, तर चाकाच्या खुर्चीसाठी राखलेली केबिन मागा, ती मोठी असते आणि बाल्कनीच्या दाराला उंबरठा नसतो. मोह झाला. पण त्या केबिन मोजक्याच असतात, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला दुसरी कुठलीच केबिन चालत नाही. आई चालू शकते. आम्ही ती घेतली नाही. उंबरठ्याचा विषय मात्र माझ्या डोक्यात तिथेच पहिल्यांदा आला. बाल्कनीच्या दाराखाली पाणी अडवण्यासाठी उंच पट्टी असते आणि नव्या गुडघ्यांना ती रोज वीस वेळा ओलांडायची असते. मी कंपनीकडे विशेष गरजांचा फॉर्म मागवला. त्यात उंबरठ्यावर टाकायची उतरती फळी, आंघोळीसाठी स्टूल आणि बोर्डिंगच्या दिवशी चाकाची खुर्ची असं लिहिलं. शस्त्रक्रियेची तारीख आणि आधाराशिवाय किती अंतर चालता येतं, हेही विचारतात. फॉर्म भरून पाठवला, आणि पोचल्याचं उत्तर लेखी मागून घेतलं.

11 डिसेंबरला आणखी एक ईमेल केला: बाल्कनीत कोणत्या खुर्च्या असतात? नऊ दिवसांनी उत्तर आलं. दोन सरळ पाठीच्या खुर्च्या, एक छोटं टेबल. आरामखुर्ची वरच्या वर्गांना, इतरांना ‘उपलब्धतेनुसार’. म्हणजे इतकी जागा शोधून तिथे ठेवायला खुर्ची नसण्याची शक्यता होती. मी तो ईमेल छापून कागदपत्रांत ठेवला.

22 जानेवारीला जे झालं ते सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, कारण याची कल्पना मला कुणीच दिली नव्हती. सकाळी ईमेल आला: अभिनंदन, तुम्हाला वरच्या वर्गाची केबिन विनामूल्य दिली आहे. नवा नंबर नकाशावर शोधला. दोन डेक वर, जहाजाच्या पार पुढच्या टोकाला, आणि बाल्कनी साधी, खोलीला आमच्या निम्मी. कंपनीच्या हिशोबात वरचा डेक म्हणजे वरचा वर्ग. माझ्या चार महिन्यांच्या कामाचा एका ओळीत निकाल लागला होता. हात थरथरत होते. आईला काही सांगितलं नाही.

एजंटला फोन केला, एजंटने कंपनीला. पहिल्या दिवशी मी स्वतः सत्तर मिनिटं फोनवर वाट बघत थांबले आणि लाइन तुटली. पाच दिवसांनी सांगितलं गेलं की बदल उलटवता येत नाही. मग मी लेखी पाठवलं: आम्ही हाच नंबर निवडून त्याचे जास्त पैसे भरले आहेत, त्यामागे वैद्यकीय कारण आहे आणि त्याचा फॉर्म तुमच्याकडे आहे. फॉर्मच्या पोचपावतीची तारीख जोडली. 2 फेब्रुवारीला, अकराव्या दिवशी, जुनी केबिन परत मिळाली. सुदैवाने ती अजून कोणाला दिलेली नव्हती. तेव्हा कळलं की बुकिंगवर ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करून घेता येते. एजंटने ती त्याच दिवशी केली. तुम्ही जर नंबर बघून केबिन निवडत असाल, तर ही नोंद डिपॉझिट भरतानाच करून घ्या आणि ती छापील पावतीवर दिसते का तेही बघा.

16 मार्चला, निघायच्या 90 दिवस आधी, उरलेली रक्कम भरली. मे महिन्यात अपग्रेडसाठी बोली लावायचं आमंत्रण आलं. बोली वर्गावर लागते, नंबरवर नाही, म्हणून ते उघडून बंद केलं.

14 जूनला दुपारी केबिनचं दार उघडलं. आई पलंगावर बसली आणि मी सामान तसंच टाकून बाल्कनीत गेले. टेप काढली. शेजारची बाल्कनी वेगळी करणारी पडदी दोन्ही बाजूंना असते; एका पडदीजवळ खोली पाच फूट, दुसऱ्या पडदीजवळ सात फूट दहा इंच. कठडा काचेचा. उंबरठा पाच इंच उंच आणि फळी कुठेच नाही. केबिन सांभाळणाऱ्या अटेंडंटला फॉर्मची प्रत दाखवली. तासाभरात फळी आली. आरामखुर्चीचं विचारलं तर म्हणाला, “बघतो.” संध्याकाळी जेवून परतलो तर खोल बाजूला ती मांडलेली होती, घडी केलेलं ब्लँकेटही सोबत. विनंती पहिल्याच दिवशी करावी, कारण अशा खुर्च्या मोजक्या असतात.

पुढच्या दिवसांत शिकलेल्या काही गोष्टी. बाल्कनीचं आणि बोळाचं दार एकाच वेळी उघडू नका. वारा आरपार जातो आणि दार अशा जोराने आपटतं की बोट सापडलं तर मोडेल. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की खोलीतली हवा खेळवणारी यंत्रणा बंद पडते. टॉवेल वाळत टाकायचा नाही, हलकी वस्तू बाहेर ठेवायची नाही. सिगारेटला बहुतेक कंपन्या बाल्कनीत बंदी घालतात, आणि त्याबद्दल माझं मत कडक आहे. 23 मार्च 2006 रोजी ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजावर आग लागली ती एका बाल्कनीतून. विझवून न टाकलेली सिगारेट हे तिचं संभाव्य कारण ठरलं. प्लॅस्टिकच्या पडद्या आणि फर्निचरमुळे ती बाल्कनीमागून बाल्कनीत पसरत गेली. त्यानंतर बाल्कनीतल्या साहित्याचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि जुलै 2008 पासून लागू झाले. आमच्या आणि शेजारच्या बाल्कनीमधली पडदी मी हाताने ठोकून पाहिली तेव्हा हेच आठवत होतं.

एक उणीवही सांगते. तिरक्या जागेमुळे फुगवट्यावरच्या शेजारच्या दोन केबिनमधून आमची बाल्कनी दिसायची. एकांत हवा असेल त्याने हे लक्षात घ्यावं. आईला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या बाईंना हात करायला लागली.

20 जूनला हबर्ड हिमनदी. 122 किलोमीटर लांबीची, आणि समुद्राला भिडणारं तिचं तोंड सुमारे दहा किलोमीटर रुंद. पाण्यात बर्फ किती आहे त्यावर जहाज किती जवळ जाणार ते ठरतं. आम्ही नशीबवान होतो. पहाटेपासून लोक वरच्या डेकवर कठड्याला जागा धरून उभे होते. मी आईला दोन स्वेटर आणि टोपी घातली, ब्लँकेट पायांवर टाकलं आणि खुर्ची कठड्यापासून हातभर अंतरावर आणली. जहाज आधी डावी बाजू हिमनदीकडे करून थांबलं आणि आमच्यासमोर फक्त मोकळं पाणी आणि तरंगणारे तुकडे. अर्धा तास मी अस्वस्थ होते. मग जहाज जागच्या जागी हळूहळू वळायला लागलं आणि निळसर पांढरी भिंत कठड्याच्या काचेत एका कडेने शिरत शिरत सगळी काच भरून राहिली. कप्तान दोन्ही बाजूंना वेळ देतो. हे आधी माहीत असतं तर तो अर्धा तास निवांत गेला असता.

कडा कोसळताना आधी दिसतो, आवाज मागून येतो. पांढरी धूळ उडते, पाणी वर उसळतं, आणि दोन-तीन सेकंदांनी गडगडाट. पहिल्यांदा तो झाला तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला. मग दर वेळी ती सेकंद मोजायला लागली, मोठ्याने. ती दीड तास तिथे होती. पाय लांब.

21 जूनला सकाळी उतरायचं होतं. सामान रात्रीच बाहेर ठेवलं होतं. उतरण्याआधी मी एका कागदावर दोन्ही बाजूंची खोली, उंबरठ्याची उंची आणि लिफ्टपर्यंतची दारं लिहून घेतली. अटेंडंट आरामखुर्ची उचलायला आला, कारण ती मूळची त्या केबिनची नव्हती. आईने त्याला विचारलं, “आज इथे कोण येणार?” त्याला माहीत नव्हतं. “मग दुपारपर्यंत असू द्या ना,” ती म्हणाली, “त्यांना दार उघडल्यावर दिसू दे.” त्याने खुर्ची पुन्हा खोल बाजूला सरकवली आणि ब्लँकेटची घडी तिच्यावर ठेवली.